रुमेन द्रव गोठवताय? आधी एवढं सांभाळा

रुमेन द्रव म्हणजे गाई-म्हशीच्या पहिल्या पोटातला, जंतूंनी भरलेला द्रव; चारा किती पचतो हे प्रयोगशाळेत नळीत तपासायला तो लागतो. पहिल्या खेपेला द्रव वाया गेला म्हणून खट्टू होऊ नका, माझाही गेला होता. चूक बहुधा फ्रीजरच्या आधीच होते. थर्मास 39 अंशांच्या पाण्याने गरम करून ठेवा, द्रव काठोकाठ भरा. चार पदरी मलमलीतून गाळताना वरून कार्बन डायऑक्साइड सोडत राहा. हवा लागली की कामाचे जंतू मरू लागतात.

- लहान नळ्या भरा. वितळलेला द्रव पुन्हा गोठवायचा नाही.
- उणे 20 च्या फ्रीजरमध्ये सावकाश गोठवू नका; लिक्विड नायट्रोजन मिळत असेल तर तोच.
- वितळवणं 39 अंशांच्या वॉटर बाथमध्ये, झटपट.

एवढं करूनही प्रोटोझोआ (द्रवातले एकपेशीय जीव) फारसे वाचत नाहीत. म्हणून चाऱ्याच्या चाचणीत दर खेपेला एक नळी बिनचाऱ्याची, एक ओळखीच्या कडब्याची लावाच, म्हणजे द्रव कितपत काम करतोय ते कळेल. ग्लिसरॉल वगैरे (गोठताना जंतूंना जपणारे पदार्थ) नंतर बघू.