अल्मेरियाचा नकाशा वाचताना

अल्मेरिया हा आग्नेय स्पेनमधला प्रांत. त्याच्या नकाशात गावांच्या नावांपासून सुरुवात करू नका, आधी डोंगर बघा. ताबेर्नास गावाच्या उत्तरेला सिएरा दे लोस फिलाब्रेस, दक्षिणेला सिएरा अल्हामिया, पश्चिमेला सिएरा नेवाडा. पावसाचे वारे बहुतेक पश्चिमेकडून येतात आणि डोंगर ओलांडताना रिकामे होतात. मधल्या खोऱ्यात वर्षाला जेमतेम 200 ते 250 मिमी पाऊस उरतो.

नवशिके हमखास अडखळतात ते ‘राम्ब्ला’पाशी. नकाशावर नदीसारखी रेघ, प्रत्यक्षात वाळू-गोट्यांचं कोरडं पात्र. पण शरदात काही तासांत कोसळणारा पाऊस उघड्या उतारांवर मुरत नाही, थेट पात्रात उतरतो. ऑक्टोबर 1973 मध्ये शेजारच्या मुर्सियातल्या पुएर्तो लुम्ब्रेरासला असाच पूर आला. म्हणून जुनी वस्ती पात्रापासून किती उंचावर आहे, ते समोच्च रेषा मोजून पाहा. ‘आज कोरडं आहे’ याला काही अर्थ नाही.

एकाकी शेतघर दिसलं की जवळ ‘अल्हिबे’ शोधा: पावसाचं पाणी साठवायची, कमानदार छताची टाकी. शब्द अरबीतून आलेला.

किनाऱ्यावरचं एल एहिदो मात्र वेगळं प्रकरण. 1982 साली ते दालियास नगरपालिकेपासून वेगळं झालं, त्यामुळे त्याआधीच्या लोकसंख्येच्या आकड्यांशी सरळ तुलना केलीत तर फसाल. उपग्रहचित्रात इथे पांढरं दिसतं ते मीठ किंवा बर्फ नव्हे, प्लास्टिकची हरितगृहं. आत मातीवर शेणखत आणि त्यावर साधारण 10 सेंमी वाळू. बाष्पीभवन कमी होतं, क्षारही वर चढत नाहीत. पाणी मुख्यतः भूजलातून, आणि उपसा वाढला की समुद्राचं खारं पाणी आत शिरतं.