लिलावात बोली जिंकून पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय करावं?

तुम्ही जालन्याहून निजामाचे हाली सिक्के, म्हणजे हैदराबाद संस्थानाची जुनी नाणी, व्हॉट्सॲप ग्रुपवर लिलावाने विकता. सर्वांत वरची बोली लावणारा नंतर फोनच उचलत नाही, तर त्याच्या मागे लागावं की नाणं दुसऱ्याला द्यावं, असा तुमचा प्रश्न आहे. दुसऱ्याला द्या. पण कोणत्या भावाने, तिथंच बहुतेक विक्रेते चुकतात.

समजा, बोली शंभराच्या टप्प्याने चढली. तिसरा १,८०० वर थांबला, दुसरा २,६०० पर्यंत आला आणि पळालेल्याने २,७०० ला नाणं घेतलं. आता दुसऱ्याकडे २,६०० मागितले की त्याला शंका येते: तो पळालेला तुमचाच माणूस होता, भाव चढवायला बसवलेला. खरं पाहिलं तर तो नसता, तर दुसऱ्याला नाणं १,९०० ला सुटलं असतं. म्हणून १,९०० च मागा, आणि हा हिशेब ग्रुपवर उघड लिहा. सातशे रुपये सोडताना जीव तुटतो, पण तोच दुसरा पुढच्या लिलावात मोकळ्या मनाने बोली लावतो. शिवाय हा निरोप दुसऱ्याच दिवशी जायला हवा. आठवडा गेला की त्याने ते पैसे दुसऱ्या नाण्यात घातलेले असतात.

ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर हरलेल्या बोलीदाराला नाणं देऊ करण्याची 'सेकंड चान्स ऑफर' त्याच्या कमाल बोलीलाच जाते, त्यामुळे तिथं नकार जास्त येतात. चार दिवसांत पैसे आले नाहीत तर ऑर्डर 'खरेदीदाराने पैसे दिले नाहीत' याच कारणाने रद्द करा. भिडेखातर दुसरं कारण निवडलं तर त्याच्या नावावर नोंद पडत नाही आणि तो पुढच्या विक्रेत्याला गाठतो.

आता मुळाकडे. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, इसाराशिवाय सौदा पक्का धरत नाहीत, मग ग्रुपवर का धरावा? नव्या माणसाकडून बोलीआधी २०० रुपये इसार घ्या. जिंकला तर रकमेतून वळता करा, हरला तर त्याच रात्री परत करा. हे परत करणं एकदा जरी लांबलं, तरी पुढं कुणी इसार देणार नाही. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट पाहून पुडकं बांधू नका, बनावट स्क्रीनशॉट सर्रास फिरतात. खात्यात रक्कम दिसू द्या.

वस्तू-विक्री कायदा, १९३० च्या कलम ६४ प्रमाणे हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, पडल्यावर नाही. ग्रुपवर हातोडा नसतो, म्हणून वेळ संपताच 'लिलाव बंद, अमुक यांना २,७०० ला' असा संदेश टाकाच. सुरुवातीच्या नियमांत हेही लिहा: 'चोवीस तासांत पैसे न आल्यास वस्तू दुसऱ्यास विकली जाईल.' कलम ५४ मध्ये फेरविक्रीचा हा हक्क आधी राखून ठेवता येतो. नियम लिहिलेला नसेल तर आधी कळवून वाजवी मुदत द्यावी लागते, नाहीतर फेरविक्रीतला तोटा त्याच्याकडून मागता येत नाही. दोन-तीन हजारांसाठी कोर्टाची पायरी चढण्यात अर्थ नाही, पण असा लेखी नियम दिसला की बरेचजण वेळेत पैसे टाकतात.

त्याचा फोटो आणि नंबर ग्रुपोग्रुपी फिरवू नका. ॲडमिनला कळवा, तेवढं पुरे.

माघार घेणारा प्रत्येकजण लबाड असतो असंही नाही. पुष्कळदा नाणं पॉलिश केलेलं आहे किंवा टपालखर्च वेगळा आहे, हे त्याला जिंकल्यावर कळतं. दोन्ही बाजू, कड आणि काट्यावरचं वजन यांचे फोटो द्या. हिजरी सनासोबत इसवी सनही लिहा, जसं १३३० हिजरी म्हणजे साधारण १९१२. टपालखर्च बोलीआधीच आकड्यात सांगा.

आणि 'फक्त भारतात पाठवू' हे विसरू नका. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते तुम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या माणसाने बोली जिंकली, तर सौदा मोडणारे तुम्ही ठराल.