धूम्रपान, जनुकं आणि स्त्री-पुरुष फरक: तुझा आराखडा वाचून

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा वाचला. रक्ताचे नमुने घेऊन, धूम्रपानाने ज्यांचं काम कमी-जास्त होतं अशा जनुकांच्या पुरुषांत आणि स्त्रियांत दोन याद्या काढायच्या. एकीत असलेलं, दुसरीत नसलेलं जनुक म्हणजे लिंगभेद, असं तू धरलं आहेस. गाडं इथेच अडणार. ज्या गटाचे नमुने जास्त, त्याची यादी आपोआप लांबते. सगळे नमुने एकाच सांख्यिकी मॉडेलमध्ये घे आणि 'लिंग × धूम्रपान' हे पद, म्हणजे धूम्रपानाचा परिणाम दोघांत वेगळा आहे का, ते तपास. त्याला नमुने भरपूर लागतात: स्त्री-पुरुषांतला फरक धूम्रपानाच्या मूळ परिणामाएवढा असला तरी, तो परिणाम पकडायला लागतात त्याच्या चौपट, निम्मा असला तर सोळापट. हा हिशोब आधी गाइडपुढे ठेव, नंतर ठेवलास तर बोलणी खाशील.

रक्त पॅक्सजीन नळीत (आरएनए टिकवणारी नळी) पूर्ण २.५ मिली घे, नळी ८-१० वेळा हलकेच उलटीसुलटी कर, मग गोठवण्याआधी किमान २ तास खोलीच्या तापमानाला ठेव. सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, हवीच. सिगारेट ओढणाऱ्यांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात; पेशींचं प्रमाण मॉडेलमध्ये नसेल तर जनुक बदललं की नुसती पेशींची गर्दी बदलली, ते कळणार नाही. जीपीआर१५ हे जनुक वाढलेलं दिसलं की हुरळून जाऊ नकोस, ते जनुक चालू असलेल्या टी-पेशीच (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) धूम्रपानाने वाढतात. एक्सआयएसटी (स्त्रियांत चालू असणारं जनुक) आणि आरपीएस४वाय१ (पुरुषांतलं) पाहून स्त्री-पुरुषांच्या नळ्यांची अदलाबदल पकडता येते. हे पहिल्याच दिवशी कर.

कोटिनीन (शरीरात निकोटीनपासून बनणारा पदार्थ) मोजणार आहेस, चांगलं. पण इस्ट्रोजेनमुळे स्त्रियांत सीवायपी२ए६ हे निकोटीन मोडणारं एन्झाइम जोरात चालतं, निकोटीन आणि कोटिनीन दोन्ही लवकर निपटतात. म्हणून समान कोटिनीन म्हणजे समान धूर नव्हे. रोजच्या सिगारेटी, गर्भनिरोधक गोळ्या आणि गरोदरपण यांची नोंद हवी.

आता खरी मेख. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत धूम्रपान करणारे पुरुष १९ टक्के, स्त्रिया २ टक्के. म्हणजे महाराष्ट्रात ओढणाऱ्या बायका मिळणं मुश्कील, आणि 'न ओढणाऱ्या' गटात मशेरी लावणाऱ्या येणार. मशेरीचा तंबाखू तव्यावर भाजलेला, त्यात धुरातलेच पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बन असतात. एएचआर हा रिसेप्टर (पेशीत अशी रसायनं ओळखणारं प्रथिन) चेतवून सीवायपी१बी१ आणि एएचआरआर या जनुकांचं काम वाढवणारे तेच. अशी बाई तुलनागटात बसली तर स्त्रियांमधली तफावत घटेल आणि तू लिहिशील, 'स्त्रियांची जनुकं कमी प्रतिसाद देतात.'

'तंबाखू खाता का?' विचारलंस तर ती सरळ 'नाही' म्हणेल, आणि खोटं बोलत नसेल. 'दात कशाने घासता?' असं विचार. दिवसातून किती वेळा, किती वर्षं आणि स्वयंपाक चुलीवर होतो का, हेही त्याच फॉर्मवर घे.

सुधारलेला आराखडा पाठव, आधी नमुन्यांचा हिशोब.