वाचकांचे प्रश्न: केबल टाकायला पैसा मिळतो, पण नंतर?

प्रश्न: मी पुण्यात टेलिकॉममध्ये काम करतो. आमच्या फर्मला पॅसिफिकमधल्या एका छोट्या बेटदेशाच्या समुद्राखालच्या इंटरनेट केबलचा प्रस्ताव बनवायचं काम मिळतंय. वर्ल्ड बँक, एडीबी (आशियाई विकास बँक) वगैरे डोनर पैसे देतात म्हणे, पण ते नक्की काय बघून देतात? टेक्निकल रिपोर्ट जबरदस्त असला की झालं का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: रिपोर्ट चांगला हवाच, पण नुसत्या रिपोर्टवर कोणी पैसा सोडत नाही. मुळात मागणी टेलिकॉम खात्याची असून भागत नाही, अर्थमंत्रालय पुढे यावं लागतं, कारण करार देशाशी होतो. आणि वर्ल्ड बँकेच्या आयडीए या खिडकीतून प्रत्येक गरीब देशाला ठरलेला वाटा मिळतो, त्यातच रस्ते, शाळा, दवाखाने सगळं बसवायचं असतं, म्हणजे केबलची खरी लढाई वॉशिंग्टनला जायच्या आधी त्या देशाच्या मंत्रिमंडळातच होते.

पॅसिफिकमधल्याच टोंगा या बेटदेशाचं प्रकरण नीट वाचा असं मी तुम्हाला आवर्जून सांगेन. जेमतेम लाखभर लोकसंख्या, सगळं इंटरनेट सॅटेलाइटवर आणि महाग, आणि त्यात 2006 च्या दंगलीत राजधानी जळाल्यावर ती पुन्हा उभी करायला चीनच्या एक्झिम बँकेचं कर्ज काढलेलं. अशा देशाला अजून कर्ज झेपणार नाही हे दिसत होतं, म्हणून पैसा ग्रँट म्हणून, म्हणजे परत न करायचा, आला, वर्ल्ड बँकेचे सुमारे 1 कोटी 72 लाख डॉलर आणि एडीबीचे सुमारे 97 लाख, बाकीचं टोंगाच्या बाजूने. 2011 मध्ये मंजुरी आणि ऑगस्ट 2013 मध्ये फिजीपर्यंतची 827 किलोमीटरची केबल चालू! त्यामुळे कर्ज झेपण्याचा हिशोब प्रस्तावात पहिल्या पानांवरच मांडा, ग्रँट मिळणार की लोन हे बरंचसं त्यावरच ठरतं.

डोनर आणखी एका गोष्टीवर अडून बसतात, ती म्हणजे ओपन ॲक्सेस, म्हणजे केबल एकाच कंपनीच्या खिशात जायची नाही, सगळ्यांना सारख्या दराने कपॅसिटी (डेटा वाहून नेण्याची क्षमता) मिळाली पाहिजे. मला ही अट पूर्ण मान्य आहे, पण वेळ लागतो. पूर्व आफ्रिकेत ईएएसएसवायच्या (ईस्टर्न आफ्रिका सबमरीन केबल सिस्टिम) मालकी आणि नियमांवर इतकी वर्षं चर्चा चालली की केनियाने कंटाळून टीम्स नावाची आपली वेगळी केबल टाकली, 2009 मध्ये ती आणि खासगी पैशाची सीकॉम (जी आपल्या मुंबईलाही जोडलेली आहे) या दोन्ही आल्या, आणि ईएएसएसवाय 2010 मध्ये.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय ते. टाकायचा पैसा मिळतो, सांभाळायचा मिळत नाही. जानेवारी 2019 मध्ये टोंगाची केबल तुटली आणि देश जवळपास दोन आठवडे सॅटेलाइटवर रडतखडत चालला. मग 15 जानेवारी 2022 ला तो प्रचंड ज्वालामुखी फुटला आणि केबल पुन्हा गेली, परदेशात असलेल्या टोंगाच्या माणसांना घरचे जिवंत आहेत की नाही हेसुद्धा कळेना, दुरुस्तीचं जहाज पापुआ न्यू गिनीहून यायचं होतं, आणि लाइन परत यायला पाच आठवडे लागले. हे तरी राजधानीचं झालं, वावाऊ आणि हापाई या बेटांकडे जाणारी देशांतर्गत केबल नीट व्हायला दीड वर्ष गेलं. दीड वर्ष!! म्हणून मी म्हणते, प्रस्तावात दुरुस्तीच्या जहाजाच्या सामायिक कराराची वर्षाची फी, स्पेअर केबलचा साठा, पर्यायी सॅटेलाइट, आणि लहान बेटांची लाइन हे सगळं पहिल्याच मागणीत घाला. अधिकारी म्हणतील रनिंग खर्च देशाने बघावा, तर मग तो कपॅसिटी विकून कसा निघणार याचं गणित दाखवा, ग्राहक लाखभरच असतील तर ते सहज बसत नाही आणि हे आकडे मऊ करून लिहिलेत तर भोगणार तिथली माणसं.

प्रश्न: आणि सगळ्यात स्वस्त टेंडर घेतलं की विषय संपला ना?
– तेच वाचक

उत्तर: नाही ना. मायक्रोनेशिया, किरिबाती आणि नाउरू या पॅसिफिकमधल्या बेटदेशांसाठी वर्ल्ड बँक आणि एडीबीच्या पैशाने केबल व्हायची होती, आधीची हुआवे मरीन म्हणजे आताची एचएमएन टेक या चिनी कंपनीची बोली बातम्यांनुसार सगळ्यात स्वस्त होती, अमेरिकेने सुरक्षेचा मुद्दा काढला, आणि 2021 मध्ये अख्खं टेंडरच रद्द झालं. नंतर अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाने पैसे द्यायचं ठरवलं आणि 2023 मध्ये जपानच्या एनईसीला काम मिळालं. मधली दोन वर्षं त्या बेटांची गेली. तेव्हा बोली मागवायच्या आधीच, कोणत्या कंपन्या कोणाला चालणार नाहीत हे सगळ्या डोनरांना एकत्र बसवून विचारून घ्या, आणि ते लेखी घ्या.