शिल्पं बघायला सुरुवात करताय?

सनावळ्या आणि शैलींची नावं पाठ करायच्या मागे आत्ता लागू नका. एकाच शिल्पापाशी दहा मिनिटं थांबा, त्याला फेरी मारा. नवखे लोक समोरून फोटो काढतात नि पुढे सरकतात. पाठ बघायचीच राहते.

उंची मात्र जरूर वाचा. मोहेंजोदडोची नर्तकी १०.५ सेंटिमीटर, ऑस्ट्रियातल्या विलेनडॉर्फची अश्मयुगीन स्त्रीमूर्ती सुमारे ११. फोटोत भव्य वाटतात, प्रत्यक्षात तळहातावर मावतील!

मग माध्यमाकडे, म्हणजे शिल्प कशाचं घडवलंय त्याकडे वळा. संगमरवरी पुतळ्याच्या पायाला झाडाचा बुंधा चिकटलेला दिसला, तर तो बहुधा आधारासाठी असतो. दगडाचे बारीक घोटे एवढं वजन पेलत नाहीत, ब्राँझचे पेलतात. आणि प्राचीन ग्रीक पुतळे पांढरेशुभ्र नव्हते, रंगवलेले असत.

आधुनिक शिल्प कळलं नाही तर बिचकू नका, तिथेही आधी फेरीच मारा.