हात वर झाले, मन कळले का?

प्रश्न : आमच्या गावात (ता. वेंगुर्ले) दोन्ही पॅनेलांनी ग्रामपंचायत बिनविरोध करायचे ठरवले आहे. सरपंच एकाचा, उपसरपंच दुसऱ्याचा, नळपाण्याची टाकी वरच्या वाडीत. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले तर जवळजवळ सगळे 'होय' म्हणाले. करारावर सह्या कराव्यात का?
– एक वाचक

उत्तर : अजून नको. त्या ग्रुपवर रापणीला (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढायला) जाणारे किती, मासळी विकायला पहाटे बाहेर पडणाऱ्या बायका किती, ते आधी मोजा.

देवगड तालुक्यातल्या एका गावातला असाच समझोता मी जवळून पाहिला. देवळाच्या सभामंडपात सगळे हात वर गेले. दुसऱ्या दिवशी पडवीत पेज वाढताना एक काकी मला म्हणाल्या, "हात वर केलंय, पण मनात नाय हा." सभेत समोरच दीर बसला होता. त्यांचा विरोध कराराला नव्हता, पाण्याच्या एका कलमाला होता. ते त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

देवळात कौल लावताना उजवा (होय) की डावा (नाही) एवढेच आपण बघतो. माणसांचे तसे नसते. शेजारच्या गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला : फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश. पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. स्वतंत्र राज्य हवे असणाऱ्यांसाठी तिसरी खूणच नव्हती. ते राज्य १९८७ मध्ये झाले.

उत्तर आयर्लंडमध्ये हिंसक संघर्ष मिटवण्याच्या वाटाघाटी चालू असताना कॉलिन अर्विन या अभ्यासकाने वेगळी रीत धरली. वाटाघाटीला बसलेल्या पक्षांकडूनच प्रश्न ठरवून घेतले आणि लोकांना एकेका कलमावर पाच पायऱ्यांत मत विचारले. मी त्या पायऱ्या आपल्या भाषेत अशा म्हणेन : हवेच, असले तर बरे, चालेल, सोसू, मुळीच नको. विरोधकांच्या कलमांतले काय सोसायची तयारी आहे, ते त्यातून दिसले. १९९८ च्या सार्वमतात तिथला शांतता करार ७१ टक्के मतांनी संमत झाला. एकट्या पाहणीमुळे नव्हे, पण 'सोसू' हे उत्तर मला फार मोलाचे वाटते.

तुम्हीही दोन्ही पॅनेलांना एकत्र बसवून प्रश्न लिहून घ्या. मतदारयादीतले प्रत्येक वाडीचे दर पाचवे घर घ्या. बाईला वेगळे विचारा, कागदावर नाव नको. एखाद्या वाडीत टाकीपुढे 'मुळीच नको' जास्त आले, तर तेवढे कलम पुन्हा चर्चेला घ्या. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनाही जरूर विचारा, फक्त त्यांचे कागद वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा.