'द एक्स' या डच बँडचा इतिहास काय? ऐकायला सुरुवात कुठून करावी?

सुरुवात १९७९, नेदरलँड्स. नाव मुद्दाम छोटं: भिंतीवर रंगाच्या फवाऱ्याने दोन सेकंदांत लिहिता यावं म्हणून. गायक जी. डब्ल्यू. सॉक, गिटारवर तेरी हेसेल्स. ड्रमवर १९८४पासून कातरिना बोर्नेफेल्ड. १९८६मध्ये स्पेनच्या १९३६च्या क्रांतीवर त्यांनी दोन सात-इंची तबकड्या आणि छायाचित्रांचं जाडजूड पुस्तक असा संच काढला.

खरं वळण १९९०नंतरचं. अँडी मूरची दुसरी गिटार आली आणि सेलोवादक टॉम कोरासोबत १९९१ व १९९३मध्ये दोन अल्बम झाले. दोन्ही गिटारी सुरावटीऐवजी तालवाद्यासारख्या वाजतात. पुढे बास (खालच्या सुरांचं वाद्य) बँडमधून गेला तेव्हा त्याचा भार बॅरिटोन गिटारने, म्हणजे नेहमीपेक्षा खालच्या सुरांच्या गिटारने उचलला, त्यामुळे पोकळी जाणवत नाही. २००६चा 'मोआ अन्बेसा' इथिओपियाचे सॅक्सोफोनवादक गेताचू मेकुरिया यांच्यासोबतचा. माझ्या मते त्यांचं सर्वांत उबदार काम. २००९मध्ये सॉक बँडमधून बाहेर पडले, त्यांच्या जागी अर्नोल्ड दे बूर आले.

आधी 'मोआ अन्बेसा' ऐका, मग कोरासोबतचा १९९१चा अल्बम. थेट १९८०च्या पहिल्या अल्बमपासून सुरू केलंत तर नुसता खडबडीत पंक (वेगवान, बंडखोर रॉक) वाटेल आणि पुढचा प्रवास सुटेल.